रद्द केलेला अर्ज

“अर्ज रद्द करायचाय,” ती दम खात म्हणाली. कॉम्प्युटरवाल्याचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं आणि जिना असा उभा, की चढून आलेला माणूस आधी खुर्ची शोधायचा, मग काम सांगायचा.

“कुणाचा?”

“माझ्या मुलीचा. परवा भरून गेली ना, विद्यापीठाचा. कॉम्प्युटरच्या पदवीचा.”

कॉम्प्युटरवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. “चांगले मार्क आहेत हो पोरीचे. तिला माहीत आहे?”

“तुम्ही रद्द करा.”

त्याने वाद घातला नाही. तिच्या फोनवर कोड आला, तो तिने वाचून दाखवला आणि झालं काम. “मुदत शुक्रवारपर्यंत आहे,” तो म्हणाला. “मन बदललं तर परत भरू. कागदपत्रं सगळी आहेत माझ्याकडे.”

मन बदलून चालणार नव्हतं. ती लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करायची, संध्याकाळी कंबर नुसती धरलेली. नवरा गेल्यापासून घरात दोघी मायलेकी आणि सासूबाई. सासूबाई दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांनी जी खाट धरली ती धरली. हाड जुळलंय, हळूहळू चालतील, असं डॉक्टर म्हणाले होते. सासूबाईंनी काही ते मनावर घेतलं नाही. त्यांना उठवायचं, न्यायचं, आणायचं म्हणजे एकटीचं काम नव्हतं. दोघींना दोन्हीकडून धरावं लागे, आणि खरा भार मुलगीच घ्यायची. ती रात्रभराच्या प्रवासावरच्या गावी शिकायला गेली तर म्हातारीला उचलणार कोण?

घरी येऊन तिने फोन नेहमीसारखा सासूबाईंच्या उशाशी ठेवला. दुपारी त्या एकट्याच असत, म्हणून तो त्यांच्यापाशी. वीजबिलापासून कर्ज देणाऱ्या बँकांपर्यंत प्रत्येक मेसेज त्या चष्मा लावून वाचत आणि पाठवणाऱ्याला नावं ठेवत.

“कुठे उलथली होतीस?”

“बाजारात.”

“रिकाम्या हाताने?”

ती भांडी घासायला बसली.

त्या रात्री जेवताना मुलगी आजीला समजावत होती, प्रोग्रॅम म्हणजे काय, तो कसा लिहितात. “म्हणजे आजी, कॉम्प्युटरला सगळं पायरी पायरीने सांगावं लागतं. स्वतःचं डोकं तो चालवत नाही.”

“म्हणजे तुझ्या बापासारखाच,” सासूबाई म्हणाल्या. “जा बाई एकदाची. माझ्या डोक्याची कटकट तरी जाईल.”

मुलगी खो खो हसली. आईने मात्र हातातला घास ताटात परत ठेवला. आपण काय करून बसलो, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. पोरीने स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं आपण एका कोडात घालवलं होतं.

शुक्रवारी परत भरून यायचं, असं तिने ठरवलं. नेमका त्याच दिवशी लाँड्रीत एका हॉटेलच्या चादरींचा ढीग येऊन पडला. ती धावत गेली तेव्हा दुकानाला कुलूप होतं. ती तिथेच पायरीवर बसली. आता पोरीला सांगणं तेवढं उरलं होतं, आणि तेच काही तोंडातून फुटेना.

महिना कसा गेला ते तिचं तिला माहीत. साध्या साध्या गोष्टींवरून ती भडकायची. एक दिवस पाऊस आला आणि दारामागची छत्री सापडेना. मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली, घरातली एकुलती एक छत्री. “विसरून आलीस ना कुठेतरी?” ती मुलीवर ओरडली. मुलगी म्हणाली, मी हातसुद्धा लावला नाही. मग आई एकदम रडायलाच लागली. मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. छत्रीसाठी कुणी एवढं रडतं का?

निकाल लागला तो रविवारी सकाळी.

“ए ठकी,” खाटेवरून हाक आली, “बघ गं, फोनवर काहीतरी आलंय. निवड का काय म्हणतायत. मला मेलीला काय कळतंय त्यातलं.”

मुलीने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मटकन खाली बसली. “आई, मिळाली. माझी जागा मिळाली.”

तिने मुलीला घट्ट धरलं. छातीवरचा धोंडाच उतरला. कसं झालं, का झालं, काही विचारायची तिची छाती नव्हती. झालं होतं, बास.

दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन ती दोन मजले चढली.

“तुम्ही माझं ऐकलं नाहीत, फार उपकार केलेत,” ती कॉम्प्युटरवाल्याला म्हणाली. “आता सासूबाईंना उचलायला कुणी बाई मिळते का बघेन. नाहीतर कंबरेला पट्टा बांधून मीच उचलेन. पण पोरगी जाणार.”

“मी कुठे ऐकलं नाही? तुमच्यासमोरच रद्द केला होता.”

“मग?”

“दुसऱ्याच दिवशी परत भरला. एक आजीबाई आल्या होत्या तोच फोन घेऊन. कोड त्याच्यावरच आला, म्हणून भरला. सुनेला कळू देऊ नका म्हणाल्या.”

“कुठल्या आजीबाई?”

कॉम्प्युटरवाला उठला आणि कपाटामागून एक छत्री काढून त्याने टेबलावर ठेवली. मुठीला निळी चिकटपट्टी होती.

“जिना चढताना हीच टेकत आल्या होत्या,” तो म्हणाला. “अर्ज भरला गेला म्हटल्यावर एवढ्या खूश झाल्या, की ही इथेच विसरून तरातरा उतरून गेल्या.”