विसावा भाग

शेगडीतला निखारा उडाला तेव्हा ओकदान भात बघायला उठली होती. परत येते तो पुस्तकाची नुसती शिवण उरलेली.

कादंबरीचा विसावा, शेवटचा भाग. हातानं उतरवलेला, बायकांच्या लिपीत. कोरियातल्या आन्दोंग गावात घराघरांतून असे भाग फिरत. हा मावशीनं दिला होता, आणि तीन दिवसांनी ती न्यायला येणार होती. ओकदाननं तो उघडलाही नव्हता.

ती सासूबाईंपुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. म्हातारीची नजर जाऊन दहा वर्षं झाली होती. जीभ मात्र शाबूत. "भाताऐवजी पुस्तकं शिजव एकदा," हा रोजचा टोमणा.

आज तसं काही आलं नाही.

"कितवा भाग?"

"विसावा, आई."

"मग रडतेस काय? शाई उगाळ."

ओकदानला वाटलं, माफीचं पत्र सांगतील. म्हातारीनं पाठ ताठ केली आणि पहिलं वाक्य म्हटलं. मग दुसरं. बर्फातला प्रवास, नवऱ्याची पत्रं, दासीची चहाडी, सगळं न अडखळता, पान समोर धरल्यासारखं. ओकदाननं कुंचला खाली ठेवला.

"आई, हे तुम्ही वाचलंत कधी?"

"तुझ्या वयाची असताना. माझी सासू पुस्तक दिसलं की चुलीत घालायची. म्हणून आधी पाठ करून टाकायचे."

"वीसच्या वीस भाग?"

"या कादंबरीचे वीस. बाकीच्या वेगळ्या. लिही, शाई वाळतेय."

तिसऱ्या दिवशी दुपारी वही शिवून झाली आणि मावशीची पालखी दारात आली. ओकदाननं सगळं सांगून टाकलं. मावशीनं वही घेतली, ओठ हलवत वाचत राहिली. मधूनच म्हातारीकडे बघायची, देवळात बघावं तशी.

"अक्षर न् अक्षर तेच आहे, विहीणबाई!"

शेवटच्या पानावर मात्र ती थबकली.

"इथे चुकलं हो. गोष्टीत सुनेवर आळ येतो आणि ती नदीत उडी घेते. तुमची तर नदी पार करून जाते."

"माहीत आहे."

"मग?"

म्हातारीनं चाचपडत सुनेचा हात शोधला. तिच्या बोटांवर अजून शाईचे डाग होते.

"चाळीस वर्षं रोज म्हणतेय मी ती गोष्ट," ती म्हणाली. "किती वेळा बुडवू तिला?"

मावशीनं वही रुमालात बांधली आणि पुढच्या घरी द्यायला निघाली.