रूट करण्याआधी

"मोबाईल मेला त?" अलकाने विचारले.

"मेला त मेला. मंग उठत नाई," राजदीप म्हणाला.

बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर मोहाच्या सावलीत दोघे बसले होते. राजदीप तिचा मामेभाऊ. कोहमाऱ्याच्या चौकात त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान. भर उन्हात लॅपटॉप पाठीला अडकवून तो मोटारसायकलवर खास तिच्यासाठी आला होता. खाली कोरड्या बोडीत रोजगार हमीच्या चाळीस बाया शिदोऱ्या सोडून जेवायला बसल्या होत्या. अलका त्यांची मेट, म्हणजे मुकादम. दिवसातून दोनदा सगळ्यांचा फोटो काढून मोबाईलवर हजेरी चढवायची, तर त्या कामावर होत्या असे सरकार मानणार. नाही चढली, तर त्या घरीच होत्या.

भांडण होते गजेंद्रशी. गजेंद्र म्हणजे खड्डे मोजायला येणारा माणूस. तीन आठवडे फोनवर त्याने एकच पालुपद लावले होते. कामावर न येणाऱ्या आठ जणींची नावे हजेरीत चढव, नाहीतर तुझ्या बायांचे खड्डे मापात उथळ भरतील आणि मजुरी कापली जाईल. टेप त्याच्या हातात, तिथे कोणाचे काय चालणार? आणि मोजणी तर उद्यावर आलेली.

त्याचे बोलणे पकडून वरच्या साहेबाला ऐकवायचे, हे अलकाने पक्के केले होते. पण ती रेकॉर्डचे बटण दाबायची आणि मोबाईलमधली बाई गोड आवाजात आधीच जाहीर करायची, 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे.' की लगेच गजेंद्र तिच्या लेकरांची खुशाली विचारायला लागायचा. घरातच असा घरभेद्या असल्यावर चोर कसा सापडावा!

"रूट केला का मोबाईल पुरा तुह्या ताब्यात," राजदीप सांगत होता. "कंपनीनं लावलेली कुलपं तुटतात. ते बाई कायमची चूप. फालतूचे ॲप बी काढून फेकता येतात, मोबाईल पयते मंग."

"अन् तोटा?"

राजदीपने डोके खाजवले. परके गिऱ्हाईक असते तर त्याने हे एवढे सांगितलेही नसते. "पयले त सगळं पुसून जाते. फोटो, नंबर, सगळंच. कंपनी मंग हात झटकते. कुलूप तुटलं का चोरालेही रस्ता मोकळा होते. अन् बँकेचे, सरकारचे ॲप अशा मोबाईलवर कधी चालतात, कधी अडून बसतात."

"हजेरीचं?"

"त्याची ग्यारंटी मी नाई देत, ताई."

अलकाने खाली पाहिले. कलाबाई बुक्कीने कांदा फोडत होती. साठी उलटलेली बाई, पण सकाळपासून सगळ्यांत खोल तीच खणत होती. आज दुपारची हजेरी अडली तर तिची सारी माती फुकट. गजेंद्रला धडा शिकवायचा आणि दिवस कलाबाईचा बुडवायचा? अलकाला स्वतःचीच लाज वाटली.

"बंद कर तुहा लॅपटॉप," ती म्हणाली. "उंदरापायी धानाची ढोली जाळाची नाई."

"मंग सोडून देतं का त्याले?"

"कोन म्हनलं?"

ती पाळ उतरली आणि बायांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ओठांवर बोट ठेवून तिने सगळ्यांना गप्प केले. गजेंद्रचा नंबर लावला, स्पीकर चालू केला. रेकॉर्डच्या बटणाला मात्र हात लावला नाही.

"बोला सर. कोनाकोनाची नावं चढवाची?"

गजेंद्र क्षणभर थांबला. मोबाईलमधली बाई काही बोलली नाही, तसा तो खुलला. एकामागून एक त्याने आठ नावे सांगितली. वर म्हणाला, "फोटोत कोनालेही उभी कर. बायाच त हायेत, तोंडावर पदर घेतला का सगळ्या सारख्याच. कोन ओळखून राहिलं?"

कोणाचा घास हातात राहिला, कोणाचा तोंडात. पाळीवर राजदीपला आता कुठे आठवले की आपल्याही खिशात मोबाईल आहे. बोलणे टिपायला त्याने तो घाईघाईने काढला, पण तोवर कलाबाई उठून उभी राहिली होती.

"सर, मी कलाबाई बोलून राहिली," ती मोबाईलवर वाकून म्हणाली. शेतातून हाक मारावी तसा तिचा आवाज. "आमी चाळीस जनी हावो इथं. तुमच्या त्या आठ जनी उद्या धाडून द्या, जागा हाय."

फोन कट झाला. कोणी हसले नाही. राग सगळ्यांनाच आला होता आणि तो रिकामा हसण्यावारी घालवायची कोणाची तयारी नव्हती.

सकाळी काम सुरू होण्याआधी एकेकीचा खड्डा चुन्याने आखून द्यायचा, ही मेटची रीत. अलकाने भर दुपारी चुन्याचे घमेले उचलले. चाळीस खड्ड्यांची ओळ जिथे संपत होती, तिथून पुढे कोऱ्या जमिनीवर तिने चौकोन आखायला घेतले. टेप लावून, कोपरे नीट जुळवून, गजेंद्रने सांगितलेले एकेक नाव मोठ्याने घेत. राजदीप येऊन टेपचे दुसरे टोक धरून बसला. आठवा चौकोन पुरा झाला, तेव्हा बाया आपापल्या खड्ड्यात उतरल्या होत्या.

"इकडे कोनी फावडा लावजा नोको वो," कलाबाई ओरडून म्हणाली. "सर उद्या याची खोली मोजतीन."