कथलाच्या सुरईतली मी

दर रविवारी माझा लेक युरियान हार्लेमच्या माझ्या स्वयंपाकघरात सुरईचं आणि सोललेल्या लिंबाचं चित्र काढायला बसायचा, कारण त्याच्या चित्रकलेच्या मास्तरांना म्हणे उत्तरेचाच उजेड लागतो, आणि तशी खिडकी माझ्याकडेच. आधी राखाडी थर, तो वाळला की रंगाचा, तो वाळला की आणखी एक पातळ. असे आठ महिने. लिंबू सुकतं म्हणून दर खेपेला नवं मीच सोलून द्यायची, साल कुठेही न तुटता, आणि समोरच्या खुर्चीत बसून टोमणे मारायची.

"एवढ्या वेळात मी सगळं घर दोनदा रंगवलं असतं!"

"आई, हलू नकोस गं. सुरईत दिसतेस तू."

कथलाच्या त्या चकचकीत सुरईच्या पोटात खिडकी होती, खुर्ची होती आणि पांढऱ्या अंबाड्यासकट नखाएवढी मी. पहिल्या राखाडी थरातच मी उमटले होते. शेजारच्या ट्रूसला मुद्दाम बोलावून दाखवलं, तिचा मुलगा तर फोनही करत नाही.

काल त्याने शेवटचा थर दिला. चष्मा लावून पाहते तर सुरईत खिडकी तशीच, खुर्ची तशीच, मी मात्र नाही.

"का रे, मला पुसलंस?"

"पुसलं नाही, वरून रंग दिला," ब्रश धुता धुता तो म्हणाला. "चित्र तुलाच द्यायचंय, आई."



"मला कशाला? मी तर इथेच असते."

"वृद्धाश्रमातल्या खोलीत टांगलं की तुझं घर दिसेल तुला. तू काय, तिथे असशीलच."