विहिणींची केबिन

दार उघडेना.

सिंधुबाईंनी हँडल खाली दाबलं, दोन्ही हातांनी ओढलं, शेवटी पाय भिंतीला टेकवून जोर लावला. दार जागचं हललं नाही.

"विहीणबाई, दार अडकलंय," त्या म्हणाल्या. चार वाजून गेले होते आणि पाचला वरच्या डेकवर सृष्टी नाचणार होती. देवळ्याहून सिंधुबाई आल्या होत्या त्या या नातीच्या आग्रहाखातर. समुद्राचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं.

पलंगावर बसलेल्या विठाबाई उठल्या. त्यांनीही हँडल धरून पाहिलं. "नाही हो उघडत," म्हणून परत जागेवर जाऊन बसल्या.

बोट जुनी होती. ही मुंबई-गोव्याची फेरी संपली की ती तीन महिने दुरुस्तीला जाणार होती, आतून सगळी नवी होणार होती. म्हणूनच विठाबाईंच्या मुलाला, नवनाथला, तिकिटं स्वस्तात मिळाली. पण अर्धी बोट आत्ताच बंद केलेली. गालिचे गुंडाळून भिंतीला उभे केलेले, केबिनमधल्या फोनच्या जागी नुसत्या दोन वायरी. एका केबिनमध्ये नवनाथ, त्याची बायको उज्वला आणि सृष्टी. उरलेल्या एकुलत्या एका केबिनमध्ये दोघी विहिणी. हे उज्वलाने आपल्या आईला, सिंधुबाईंना, सांगितलं ते बोटीवर चढल्यावर. नाशकातच सांगितलं असतं तर आई तिथूनच मागे फिरली असती.

सिंधुबाईंनी दारावर थापा मारल्या. "अरे, कोणी हाय का?" बाहेर कोणी नव्हतं. मोबाइलला रेंज नव्हती.

"बसा. येईल कोणीतरी," विठाबाई म्हणाल्या.

बसावंच लागलं. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत दोघी विहिणी अशा समोरासमोर बसल्या नव्हत्या. लेकीला भेटायला सिंधुबाई नाशिकच्या सातपूरला यायच्या, पण बारा वाजता येऊन चारच्या गाडीने परत. चहा घ्यायच्या, 'बरं आहे ना' म्हणायच्या, की संपलं. काल रात्रीसुद्धा त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या.

मग विठाबाईंनी घसा खाकरला.

"विहीणबाई, एक विचारते. माझ्यावर एवढा राग कशाचा?"

"राग कशाला असंल? नाय काही."

"आज खरं सांगा. इथून तर जाताही येत नाही तुम्हाला."

सिंधुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. आणि मग नऊ वर्षं पोटात ठेवलेलं एकदम बाहेर आलं.

"लग्नात विहिणींच्या गळाभेटीला मी पुढं आले. सगळी भावकी बघत व्हती. मी असे दोन्ही हात पसरले आन तुम्ही? तुम्ही हात पोटाशी बांधून उभ्या. नुसती मान हलवली. मी तशीच हात पसरून उभी. आम्ही खेड्यातले, कांदा पिकवणारे. तुम्ही नाशिकच्या. मला काय कळायचं ते कळलं."

विठाबाईंचा चेहरा आधी पडला. मग ओठ थरथरायला लागले. सिंधुबाईंना वाटलं, बाई रडते की काय. पण विठाबाई हसत होत्या. हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला.

"अहो, माझा ब्लाऊज फाटला होता!"

"काय?"

"वऱ्हाडाच्या गाडीतून उतरताना दाराला अडकला. काखेपासून पार कमरेपर्यंत! तीन पिना लावून, त्यावर पदर दाबून उभी होते मी. तुमच्यासाठी हात वर केला असता, तर तुमच्या भावकीने नवरा-नवरी सोडून मलाच पाहिलं असतं."

सिंधुबाई पुढे सरकल्या.

"मग सांगायचं नाय का?"

"त्या दिवशी लाज वाटली. नंतर सांगायला दोनदा देवळ्याला आले. तुम्ही चहा ठेवलात आणि कांदे साठवायच्या चाळीत निघून गेलात. तुम्ही घरात परत येण्याआधी माझी गाडीची वेळ व्हायची."

सिंधुबाईंना ते आठवलं. चाळीत तेव्हा काहीएक काम नव्हतं. पोटातून एक कळ उठावी तसं हसू उठलं आणि त्या पलंगावर आडव्या झाल्या. "अगं माय! आन मी अख्ख्या देवळ्यात सांगितलं, नाशिकच्या बाईला गर्व लय हाय!"

"आता जाऊन खरं सांगा."

"तुमचा ब्लाऊज फाटला व्हता, असं सांगू?"

विठाबाईंनी क्षणभर विचार केला. "नको. गर्वच राहू द्या."

दोघी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग विठाबाई उठल्या, सिंधुबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात चांगले खांद्याच्या वर उचलले. "आजचा धड आहे. या."

लग्नात राहून गेलेली गळाभेट समुद्रात झाली. चांगली लांबली. सिंधुबाईंना बाईचा खांदा मऊ लागला, आणि डोक्याला लावलेल्या बदामाच्या तेलाचा वास आला. त्या स्वतःही तेच तेल लावायच्या.

विठाबाईंनी डोळे पुसले, केस सारखे केले. "चला, पोरीचा नाच बघायला." त्या दाराशी गेल्या. हँडल खाली न दाबता त्यांनी ते वर उचललं आणि अलगद ओढलं. दार सताड उघडलं.

सिंधुबाई उघड्या दाराकडे बघत राहिल्या. "तुम्हाला माहीत व्हतं?"

"सकाळी तुम्ही आंघोळीला गेल्या होतात, तेव्हा इथल्या माणसाने दाखवलं. दार जुनं आहे म्हणे, वर उचलूनच ओढायचं. सकाळपासून दर वेळी मीच पुढे होऊन उघडत होते." विठाबाई जराशा ओशाळल्या. "काय करणार? नऊ वर्षं तुम्ही माझ्याजवळ दहा मिनिटं थांबत नव्हतात."

सिंधुबाईंनी घड्याळ पाहिलं. मग पुढे होऊन दार आतून लोटून घेतलं.

"पाचला वीस मिनिटं हायेत अजून," त्या म्हणाल्या. "बसा विहीणबाई. मला लय बोलायचंय."