सोळाव्या सोमवारची गाडी

रुख्माबाईंचा तो सोळावा सोमवार. आजचा उपास निभावला की व्रत पुरं होणार होतं. नेमकं आजच देविदासरावांनी दुरुस्त होऊन आलेल्या वाफेच्या इंजिनाचा पाठलाग करायचं काढलं, आणि बायकोला मोटारसायकलवर मागे बसवून ते दारव्ह्याच्या रस्त्याला लागले.

पहिल्या रेल्वे फाटकाशी ते इंजिन जोडलेली सहलीची गाडी धुराचे लोट सोडत गेली. खिडकीतून एका बाईनं हात हलवला.

"थे पाह्य, अगदी तुह्यासारखी!" देविदासराव खूश झाले.

"माह्यासारखी काहून? साडीबी माहीच हाय."

पुढच्या फाटकाशी तीच बाई मन लावून कांदाभजी खात होती.

"सोमवारी!" रुख्माबाईंनी नवऱ्याच्या पाठीत गुद्दा हाणला. "अहो, गाडी हाणा! थे माहा उपास मोडून राह्यली!"

दारव्ह्याला इंजिन फुसफुसत थांबलं. रुख्माबाई तरातरा खिडकीशी गेल्या. बाक रिकामा होता. त्यावर तेलकट कागद तेवढा पडला होता.

"पाह्य, कोणी नाही," देविदासराव हसले. "तुहा उपास शाबूत हाय."

रुख्माबाईंनी डोळे मिटून महादेवाला हात जोडले, नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि त्यांना ढेकर आला.

कांद्याचा.