चार पंखांचं पाखरू

"उधळली. रेषेवर चौखूर उधळली, माझ्या डोळ्यांदेखत." कानातल्या फोनमधून तोर्स्तीचा आवाज आला. "सुवी बाद."

आउलिसनं सॉसेजचा घास न चावताच गिळला. तोर्स्ती म्हणजे मुख्य पंच, वर मनोऱ्यात बसलेला. आउलिस खाली व्हॅनमध्ये. शर्यतीचा शेवट संथ करून मनोऱ्यातल्या पडद्यावर पाठवायचा, हे त्याचं काम. आणि या शर्यतीचा शेवटही त्यानंच आत्ता पाठवला होता.

दुडक्या चालीच्या घोड्यांची शर्यत ही. शेवटची रेष दुडकतच ओलांडायची, म्हणजे पुढचा एक पाय आणि तिरक्या बाजूचा मागचा, अशा जोड्यांनी. तिथं घोडा चौखूर उधळला की पहिला आला तरी बाद. फिनलंडात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

व्हॅनच्या दारात हिल्पाबाई येऊन उभी राहिली. वय एकाहत्तर. तोंडभर चिखल, फक्त चष्म्याच्या जागी दोन पांढरी वर्तुळं. सुवी तिची घोडी, आणि मागच्या दोनचाकी गाडीत बसून हाकणारीही तीच. सुवीचं पळायचं वय आज भरलं होतं. उद्यापासून कुरण.

"काय म्हणतोय तो?"

आउलिसनं सांगितलं.

"लगाम माझ्या हातात होता. घोडी उधळली तर आधी माझ्या खांद्यांना कळेल का त्याच्या चष्म्याला?" मग तिचा आवाज उतरला. "बारा वर्षांत रेषेवर एकदाही नाही उधळली रे ती. आज शेवटच्या दिवशी हा डाग लावणार तिला? दाखव बघू मला."

आउलिसनं दाखवलं. सुवी आली, लोण्यातून सुरी फिरावी तशी गुळगुळीत. रेषेवर आली आणि मागचे दोन्ही पाय एकदम पुढं. झालंच की चौखूर.

हिल्पाबाईनं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले.

"दिसतंय खरं," म्हणाली. "मला कसं कळलं नाही? हात गेले वाटतं माझे."

ती भांडली असती तर आउलिसला परवडलं असतं. तिच्याकडं बघवेना, म्हणून तो पडद्याकडं बघत बसला. आणि त्याला ते पाखरू दिसलं. रेषेजवळच्या कठड्यावरून उडणारं समुद्रपाखरू. दोन पंख वर, दोन खाली. खालचे जरा फिकट, पाणी घातलेल्या दुधासारखे.

त्यानं सॉसेज खाली ठेवलं. "अरे गाढवा," तो स्वतःला म्हणाला.

झालं होतं असं, की तोर्स्तीनं घाई केली म्हणून आउलिसनं कॅमेऱ्यातलं मूळ चित्रण आणायचा कंटाळा केला. हाताशी होती ती दाबून लहान केलेली प्रत घेतली. त्या प्रतीत चारातली तीन चित्रं गाळलेली. संथ केली की मधे खिंडारं पडतात. मग वर आणखी एक बटण दाबायचं, की यंत्र अलीकडचं आणि पलीकडचं चित्र एकावर एक ठेवून मधलं आपल्या मनानं रचतं. दिसायला झकास. अलीकडच्यातला मागचा डावा पाय, पलीकडच्यातला मागचा उजवा, दोन्ही एकदम पुढं, आणि पाखराचे पंख दोनाचे चार. आणि ते बटण आउलिसनंच दाबलं होतं.

"तोर्स्ती, निकाल पुकारू नकोस."

"पुढची शर्यत पाच मिनिटांवर आलीय."

"कठड्यावरचं पाखरू बघ. पंख मोज."

"काय घेतलंयस तू आज?"

"कॉफी. मोज."

वर मोजणं सुरू झालं. तोर्स्तीला एरवीही वेळ लागतो.

"चार," तो म्हणाला.

"मग एक तर पाखराला बाद कर, नाही तर मला दोन मिनिटं दे. घोडीची चूक नाही, माझी आहे. चुकीचं बटण."

आउलिसचा गुडघा दुखरा. तरी तो पळाला. रेषेवरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून, धापा टाकत परत आला. यात एकही चित्र गाळलेलं नव्हतं. ते गुळगुळीत करायचं बटण त्यानं बंद केलं, आणि एकेक चित्र पुढं ढकलायला लागला.

उजवा पुढचा, डावा मागचा. टक.

डावा पुढचा, उजवा मागचा. टक.

हिल्पाबाई पुटपुटत मोजत होती. फोनवर तोर्स्तीही मोजत होता, ते आउलिसला ऐकू येत होतं. रेष आली. उजवा पुढचा, डावा मागचा. रेष गेली. पाखराला पंख दोन.

"बरं," तोर्स्ती म्हणाला. आपला निकाल मागं घेताना त्याच्या मानानं हे भाषणच झालं. पाठोपाठ भोंग्यावर सुवीचं नाव पुकारलं, पहिला नंबर म्हणून.

हिल्पाबाई व्हॅनच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, तर चिखल पांढऱ्या वर्तुळांतही गेला.

"मेल्या, मला माझ्याच हातांवर शंका घ्यायला लावलीस."

"चुकलो, हिल्पाबाई."

"तुला कॉफी मिळणार नाही." असं म्हणत तिनं थर्मासचं झाकण भरून त्याच्यापुढं सरकवलं. "पुन्हा दाखव."

त्यानं दाखवलं.

"अजून हळू."

एकेक चित्र. टक. टक.

"हां, इथं थांबव. रेषेच्या आधी."

पडद्यावर सुवी रेषेच्या वीतभर अलीकडं थांबली, पाय हवेत. बाहेर खरी सुवी बादलीवर लाथा घालत होती.

"आले गं," हिल्पाबाई म्हणाली, आणि उठली नाही.