नऊ नंबरचं कपाट

शपथेवर सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे, खोटा निघाला तर जीभ झडो माझी. सहाव्यांदा स्क्रीनवर तीच लाल ओळ आली: प्रमाणपत्र जुळत नाही. हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये हुडहुडी भरेल इतका गारठा, आणि नव्या इंजिनीअर पोरीला घाम फुटलेला.

सर्व्हरची बारा कपाटं. त्यांच्यावर नजर ठेवणारं नवं सॉफ्टवेअर तिला दुपारपर्यंत जोडायचं होतं. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर आजचा दिवस शेवटचा. प्रत्येक कपाटातलं तापमान मोजणारं यंत्र आधी आपलं प्रमाणपत्र, म्हणजे ओळखपत्रच, दाखवतं, मगच सॉफ्टवेअर त्याचं ऐकतं. अकरा यंत्रं मुकाट जोडली गेली. नऊ नंबरचं अडून बसलं. त्याच्या ओळखपत्रावर नाव भलत्याचंच.

साहेब डोक्यावर उभे. जुनं सॉफ्टवेअरही असंच कुरकुरायचं म्हणे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः ‘दुर्लक्ष करा’चं बटण दाबलं, तेव्हापासून नऊ नंबर बिनबोभाट बावीस अंश दाखवतोय.

“बाईसाहेब, यंत्राशी सोयरीक करायची नाहीये, घराणं विचारायला. दाबा आणि मोकळ्या व्हा.”

पोरीनं दाबलं नाही. ती उठली आणि नऊ नंबरची चिठ्ठी लावलेली केबल हातात धरून चालायला लागली. केबल कपाटात शिरलीच नाही. भिंतीच्या भोकातून पलीकडे गेली, थेट अडगळीच्या खोलीत. तिथं मोडक्या खुर्च्यांच्या मागे एक यंत्र हिरवा दिवा मिचकावत बसलेलं. नमुना म्हणून आलेलं, साहेबांनीच चालतंय का बघायला जोडलेलं आणि विसरलेलं. तीन वर्षं ते इमानेइतबारे मोडक्या खुर्च्यांचं तापमान सांगत होतं.

साहेबांचा चेहरा पांढराफटक. दोघं पळत सुटले.

नऊ नंबरच्या दाराला साहेबांनी हात लावला आणि तापल्या तव्यावरून घ्यावा तसा मागे घेतला. आतला पंखा कधीचाच मेलेला. केबलींचं प्लास्टिक मेणासारखं ओघळून दाराला चिकटलेलं. आणि त्या कपाटात अतिदक्षता विभागातल्या पेशंटांच्या सगळ्या नोंदी. अजून तासाभरात राख.

पोरीनं दार सताड उघडलं, मोठा पंखा समोर लावला, नोंदी एकेक करत दुसऱ्या कपाटात हलवल्या. एकही गहाळ झाली नाही. साहेब तोवर जमिनीवर फतकल मारून बसले होते.

“तुम्ही माझं ऐकलं असतं तर?”

ती पंख्याची वायर सरळ करत राहिली. संध्याकाळी नोकरी पक्की झाल्याचं पत्र तिच्या हातात पडलं. एवढ्या मोहातही तिनं बटण दाबलं नाही, असं साहेबांनी त्यात खास लिहिलं होतं.

तेवढं एक मात्र खोटं हं. दाबलं होतं तिनं. चांगलं तीनदा. ते नवं सॉफ्टवेअरच मेलं बधलं नाही.